ज्याकच्या नावाचे रोट

रुपचंद नानांच्या घरात दोन जिवांची ताटं गोठ्यात जायची. एका ताटात गव्हाच्या दोन पोळ्या नि वाटीभर दूध, दुसऱ्यात जोंधळ्याच्या दोन भाकरी नि तळाशी उरलेली भाजी. पहिलं ताट कुत्र्याचं, दुसरं झुंबरबाईचं. यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. झुंबरबाईलाही वाटत नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

झुंबरबाई म्हणजे नानांच्या चुलत भावाची बायको. तो पटकीत गेला तेव्हा ती पंचविशीची होती. मूल नाही, बाळ नाही. माहेर नशिराबादला, म्हणजे दोन दिवसांची वाट. मग ती नानांच्याच घरी राहिली, म्हणजे गोठ्यात राहिली, आणि शेण, दूध, वैरण बघता बघता तिची चाळिशी आली. गाव नरडाण्याच्या स्टेशनापासून दोन कोसांवर. नाना गावातले मोठे कापूसवाले. त्यांच्या घरात उणं म्हणाल तर एकच, पोर नव्हतं.

कुत्रं आलं ते लढाईच्या तिसऱ्या साली. धुळ्याचा एक गोरा साहेब बदली होऊन निघाला आणि जाताना त्यानं ते नानांना देऊन टाकलं. पांढरंशुभ्र, आखूड केसांचं, एका डोळ्यावर तांबडा डाग. नाव जॅक. गावाच्या तोंडी त्याचा ज्याक झाला आणि नानांच्या तोंडी ज्याकभाऊ. स्टेशनापासून घरापर्यंत नानांनी त्याला छकड्यात मांडीवर बसवून आणलं. पंचावन्न वर्षांचा माणूस, पण त्या दिवशी त्यांच्या तोंडावर जे काही होतं ते बघून कमलबाई, म्हणजे नानांची बायको, आत जाऊन डोळे पुसून आली.

लाड सुरू झाले. साहेबाचं कुत्रं गव्हाशिवाय काय खाणार? त्या साली माणसं गव्हाला महाग झाली होती. तरी नानांचा हुकूम सुटला, की ज्याकला दोन वेळा गव्हाची पोळी, दुधात. ती त्याला खाऊ घालायचं काम झुंबरबाईकडे आलं, कारण गोठ्यातलं सगळंच तिच्याकडे होतं.

दोन महिन्यांत कुत्र्याला खाज सुटली. आधी कान, मग काखा, मग पोट. ते पाय झाडायचं, पंजे चावायचं, खुंटाला पाठ घासायचं. पोटावरचे केस गेले, खालची कातडी लालभडक झाली. गावात वैद्यांना काय तोटा? कुणी गंधक सांगितलं, कुणी करंजाचं तेल. सालदार हिलालनं कापसाच्या जिनातलं काळं वंगण आणून चोपडलं, तर कुत्रं तीन दिवस काळं राहिलं आणि खाजवत राहिलं. झुंबरबाईनं कडुनिंबाचा पाला उकळून त्याला दर दोन दिवसांनी आंघोळ घातली. त्यानं तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. तिचं ओलं लुगडं चाटून ते पुन्हा कान खाजवायला बसायचं.

झुंबरबाईला लिहिता वाचता येत नव्हतं, पण म्हशी कळत होत्या. म्हैस बिघडली की ती औषधाच्या मागे लागत नसे. ती एक वैरण बंद करायची आणि आठ दिवस बघायची. मग ती सुरू करून दुसरी बंद. कडबा, सरकी, ढेप, हिरवा चारा, जे बाधतंय ते आपोआप उघडं पडतं. हीच रीत तिनं कुत्र्याला लावली. आधी दूध बंद केलं. आठ दिवस काही फरक नाही. दूध सुरू केलं आणि पोळी बंद केली.

पण मग खायला काय घालायचं? तिच्याकडे तिच्या ताटातली भाकर होती, ती घातली. पांढऱ्या दादर जोंधळ्याची भाकर, दुधात कुस्करून. ज्याकनं ताट चाटून पुसून टाकलं. आणि मग त्या दोन पोळ्या उरल्या.

झुंबरबाईनं त्या हातात घेतल्या. नवरा गेल्यापासून सणावाराखेरीज तिला गहू ठाऊक नव्हता, आणि सणावारालाही तिच्या वाट्याला यायचा तो थंड, काठाचा तुकडा. ती भुकेली होती, तिची भाकर कुत्र्यानं खाल्ली होती. तिनं पोळी खाल्ली. उगाच तिला देवी करण्यात अर्थ नाही, पोळी तिला फार गोड लागली. दुसरीही तिनं खाल्ली.

पंधरवड्यात कुत्र्याचं पोट निवळलं. खात्री करून घ्यावी म्हणून तिनं एक दिवस त्याला पाव पोळी घातली, तर दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा पाय झाडणं सुरू. एकदा उडदाचं पीठ मिसळलेली कळण्याची भाकर घालून बघितली, ती चालली. म्हणजे चोर एकटा गहूच.

आता हे नानांना सांगायचं कसं? नाना तिचे जेठ, म्हणजे थोरले दीर. जेठाशी भावजयीनं तोंडानं बोलायचं नाही, ही त्या घराची रीत. पंधरा वर्षांत ती नानांशी एक शब्द बोलली नव्हती. सांगायचं ते भिंतीला सांगायचं, नाहीतर म्हशीला. त्या दिवशी नाना गोठ्यात आले तेव्हा तिनं पदर पुढे ओढला आणि ज्याकला सांगितलं.

"ज्याक, तुन्हा मालकले सांग, तुले गहू सोसत नही. तुले दादरनी भाकर मानस."

नाना हसले. तेही ज्याकशीच बोलले. "ज्याकभाऊ, तिले सांग, तू साहेबना घरना शे. रुपचंदना घर जुवारी खाई तं लोक काय म्हनतीन?"

झालं, निकाल लागला. झुंबरबाईनं पुढं वाद घातला नाही, आणि ऐकलंही नाही. दीड महिना ज्याक भाकर खात राहिला आणि ती पोळी. कुत्र्याला नवे केस आले, अंग चमकायला लागलं. नाना पाव्हण्यांना ओट्यावर बोलावून दाखवायचे, "गव्हाचं तेज असतं हे, बघा." झुंबरबाई शेणाची पाटी घेऊन शेजारून जायची आणि पदराआड हसायची. मनातून मात्र तिला ते झोंबायचं. तेज तिच्या भाकरीचं होतं.

श्रावण आला. आमच्या खानदेशात श्रावणात कानबाई बसते. ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो, कानबाईचे रोट म्हणजे कुळाचा कडक मामला. नानांच्या कुळात घरातल्या दर पुरुषाच्या नावानं पाच मुठी गहू देवीपुढे मोजायचे, ते घरीच दळायचे, ज्याच्या त्याच्या नावाचे जाड, बिनमिठाचे रोट भाजायचे. ज्या घरचे रोट त्या घरच्यांनीच खायचे. बाहेर कुणाला द्यायचे नाहीत, जनावराला टाकायचे नाहीत, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. उरला तर कुळावर कोप. बाया ज्या त्या घरच्या रोटातून खातात, पण बाईच्या नावाची मूठ नसते.

मुठी मोजताना सगळे भाऊबंद एकत्र जमत. कुणाच्या सुपात पंचवीस मुठी, कुणाच्या पस्तीस. रुपचंद नानांच्या सुपात दरसाल पाच. गावात सगळ्यात मोठं खळं ज्यांचं, त्यांच्या सुपाचा तळ दिसायचा. त्या साली नानांनी आपल्या पाच मुठी मोजल्या, क्षणभर थांबले, आणि पुन्हा हात घातला.

"हाई ज्याकभाऊना नावनं," ते म्हणाले, आणि आणखी पाच मुठी मोजल्या.

भाऊबंदांतले वडील म्हणजे जीवराम आबा, ऐंशी वर्षांचे. त्यांनी तोंड उघडलं आणि नानांच्या चेहऱ्याकडे बघून पुन्हा मिटलं. पोर नसलेल्या माणसाला देवीपुढे काय बोलायचं? झुंबरबाई दाराशी उभी होती. तिलाही नानांची दया आली. आणि दया येता येता दुसरंच काहीतरी मनात उठलं. तिचा नवरा गेला त्या साली त्याच्या पाच मुठी बंद झाल्या होत्या. तिच्या नावाची मूठ कधी नव्हतीच. आणि आज कुत्र्याची मोजली गेली.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, भाऊबंदांच्या बाया रोटाचे गहू दळायला जमल्या. कमलबाईला सूप कमी पडलं म्हणून ती गोठ्यात गेली. बघते तर ज्याक भाकर खातोय आणि झुंबरबाईच्या तोंडात पोळीचा घास.

"वं माय वं! देखा वं बठ्ठ्या!" कमलबाईनं वाडा डोक्यावर घेतला. "कुत्राना तोंडनी पोळी खास हाई! चोट्टी!"

बाया धावल्या. बाप्ये ओट्यावरून उठून आले. मिनिटाभरात झुंबरबाई सगळ्या कुळाच्या मधोमध उभी. कुत्र्याचं चोरून खाणारी! यापेक्षा खालचं नाव त्या गावात बाईला नव्हतं. भाकर चोरली असती तर लोकांनी भूक म्हणून सोडून दिलं असतं. कमलबाई सांगत सुटली, की हिचा हात रोटाला लागता कामा नये, हिला पंगतीत घेऊ नये, चोट्टीच्या हातानं कानबाई बाटेल. रोटाच्या पंगतीतून उठवलं म्हणजे कुळातून उठवलं. मग गोठाही तिचा नव्हता.

झुंबरबाईनं घास चावून गिळला. पदर होता तिथेच राहिला, पण मान वर झाली, आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा ती ज्याककडे न बघता नानांकडे बघून बोलली.

"खादी. दीड महिना खादी. त्यानी मन्ही भाकर खादी, मी त्यानी पोळी खादी. त्याले गहूनी खाज सुटस, माले नही सुटनी. मंग काय उकिरडावर फेकू?"

नाना हबकले. ती बोलली याचाच त्यांना जास्त धक्का बसला. "खोटं!" ते ओरडले. "मन्हा ज्याक गहूवरच सुधरना!"

"मंग आते त्याना नावना रोट शेतस ना? तुम्हना हातखाले खावाडा. पुनवलगुन. खाज सुटनी नही तं मी चोट्टीनं नाव लिसन माहेर निघी जासू."

"आनी सुटनी तं?" जीवराम आबांनी विचारलं.

"तवय देखसूत."

आबांनी काठी जमिनीवर टेकली. ठरलं म्हणून टाकलं. तोवर झुंबरबाईनं रोटाला शिवायचं नाही आणि कुत्र्याच्या ताटाला हात लावायचा नाही, लावला तर ती हरली.

रविवारी कानबाई बसली. नानांनी ज्याकला ओट्यावर बांधलं आणि रोट तुपात कुस्करून स्वतःच्या हातानं भरवला. सोमवारी देवी नदीवर गेली, वाजतगाजत. सगळं गाव मागे गेलं, झुंबरबाई गोठ्यात राहिली. कानबाईला तिनं गोठ्यातूनच हात जोडले. त्या संध्याकाळी ज्याकनं पहिल्यांदा कान झाडला. झुंबरबाईला आनंद झाला, हे लपवत नाही. मंगळवारी काखा लाल झाल्या. नाना म्हणाले, पिसवा असतील. बुधवारी सकाळी कुत्रं खुंटाभोवती फिरत पाठ घासत होतं, नुकते आलेले केस भिंतीला चिकटत होते. नाना म्हणाले, पावसाळी हवा. आणि त्यांनी पुन्हा रोट भरवला.

झुंबरबाई गोठ्याच्या दारातून बघत होती. दुपारपर्यंत ज्याकनं कान फाडला. रक्ताचा ओघळ पांढऱ्या मानेवर आला, आणि ते कुत्रं मान वर करून तिच्याकडेच बघत राहिलं. ओरडलं नाही, नुसतं बघत राहिलं. आपण जिंकतोय म्हणून मोजत बसलोय, आणि जळतंय ते हे मुकं जनावर! आपली अब्रू, नानांचा हट्ट, मधल्यामध्ये कातडी त्याची. पौर्णिमा शुक्रवारी होती. दोन दिवस अजून थांबलं की पैज तिचीच होती, यात शंका नव्हती. आबांनीच सांगितलं होतं, की तिनं ताटाला हात लावला तर ती हरली.

ती ओट्यावर गेली. नाना, आबा आणि चार भाऊबंद बसले होते, कमलबाई रोटांची परात घेऊन आली होती. तिनं ज्याकच्या पुढ्यातलं ताट उचललं, त्यातला रोट काढून कमलबाईच्या परातीत ठेवला, कुत्र्याची दोरी सोडली आणि त्याला उचलून छातीशी धरलं.

"आते बस करा," ती म्हणाली. "माले हारनी म्हना, चोट्टी म्हना, मी आजच निघी जास. पन याले हाई खावाडू नका."

तिच्या लुगड्याला रक्त लागलं होतं. आबा काठीवर भार देत उठले, जवळ आले, कुत्र्याचा कान उलटून बघितला, पोट बघितलं, पंजे बघितले. ऐंशी वर्षांत त्यांनी पुष्कळ जनावरं बघितली होती.

"हारनी कोन?" ते म्हणाले. "याना कान देख, रुपा. बाई खरं बोलनी."

नानांनी कान बघितला. त्यांचा हात कुत्र्याच्या डोक्यावर गेला आणि तिथेच राहिला. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण माफीचा शब्द काही घशाबाहेर येईना. जन्मभर तो कधी आलाच नव्हता, आता तरी कुठून येणार? ते म्हणाले, "बरं. जुवारी घाल." तेही ज्याककडे बघून.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. भाऊबंद उठायच्या तयारीला लागले. पण परातीत ज्याकच्या नावाचे रोट होते. तीन अख्खे, एक अर्धा. कमलबाईच्या ते ध्यानात आलं आणि तिचं तोंड पांढरं पडलं. मोजलेले रोट. बाहेर द्यायचे नाहीत, जनावराला टाकायचे नाहीत, दुसऱ्या भाऊबंदाच्या घरी जायचे नाहीत, आणि पौर्णिमा परवा. ज्याच्या नावाचे त्याला ते सोसत नाहीत. या घरच्याच कुणीतरी खायला हवेत. कमलबाईनं परातीकडे बघितलं, कुत्र्याच्या नावाचं अन्न म्हणून तिचं नाक आक्रसलं, आणि तिनं परात उचलून झुंबरबाईपुढे ठेवली.

"झुंबर, तू खाई ले," ती आवाज मऊ करून म्हणाली. "तुले तं सवय शे."

तिला त्यात वाईट काही म्हणायचंही नव्हतं. सोय झाली, एवढंच तिच्या मनात होतं. चार दिवसांपूर्वी याच अन्नासाठी तिनं हिला चोट्टी म्हटलं होतं, हे तिला आठवलंसुद्धा नाही. झुंबरबाईला मात्र शब्दन्शब्द आठवत होता. रोट चांगले होते, तुपाचा वास येत होता, आणि सकाळपासून ती उपाशी होती. तिनं परात हातानं पलीकडे सरकवली.

"मन्हा नावनी मूठ मोजेल शे का?"

"बायासनी मूठ नही मोजतस," नाना म्हणाले. या वेळी ते सरळ तिच्याशी बोलले, रागाच्या भरात रीत विसरले.

"कुत्रानी मोजी ना तुम्ही?"

आबांना खोकला आला. तो खोकलाच होता असं ते पुढं कितीतरी वर्षं सांगत.

"मी कुत्राना नावनं चोरीसन खादं तं चोट्टी," झुंबरबाई म्हणाली. "आते तुम्हनी अडचन शे तं मी खावानं? नही खाव. पुढला सालले मन्हा नावनी मूठ मोजा, देवीनी समोर, बठ्ठा भाऊबंदसनी समोर. मंग मन्हा नावना रोट मी खासू. हाई ज्यानी मोजा त्यानी खावा."

नाना आबांकडे बघत राहिले. आबा काही सोडवतील असं त्यांना वाटलं असावं. आबांनी नुसती मान हलवली. कानबाईच्या मामल्यात बाईचं म्हणणं सरळ होतं, आणि कोपाची भीती नानांना सगळ्यांपेक्षा जास्त होती.

नानांनी परात पुढे ओढली. सगळ्या भाऊबंदांदेखत त्यांनी ज्याकच्या नावाचा अर्धा रोट उचलला आणि मोडला. तीन दिवसांचा रोट, जाड आणि कोरडा, आणि त्यांची एक दाढ पडलेली. कमलबाई तुपाची वाटी घेऊन धावली, तर त्यांनी हातानंच नको म्हटलं. ते चावत राहिले.

झुंबरबाई गोठ्यात गेली नाही. तिनं आपलं ताट आणलं, ओट्यावर, नानांच्या समोरच बसली, आणि एक भाकर कुस्करून ज्याकपुढे ठेवली. दुसरी स्वतः खायला घेतली. पोळीची चव तिला आठवत होती. भाकरही वाईट नव्हती.

दुसऱ्या घासाला नानांना ठसका लागला.

"झुंबर," ते घशात अडकलेल्या घासानिशी म्हणाले, "पानी दे."

"मन्हा हात गुतेल शेतस," झुंबरबाई म्हणाली, आणि ज्याकसाठी भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला. पाणी आणायला कमलबाई आत गेली.